थ्रॉटल पोझिशन सेन्सर बदलण्याआधी: तीन वायरींची सविस्तर तपासणी

स्कॅनर लावला, पी०१२२ कोड आला, सेन्सर बदलला, दोन दिवसांनी चेक लाइट पुन्हा पेटला. थ्रॉटल पोझिशन सेन्सरची ही गोष्ट कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळते. कारण साधं आहे: कोड सर्किटची तक्रार सांगतो, पार्टचं नाव नाही. सिग्नलचं व्होल्टेज असायला हवं त्यापेक्षा कमी आहे, एवढंच ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कळतं. सेन्सर झिजला म्हणून कमी आहे, उंदराने वायर कुरतडली म्हणून, की कपलरमधली (वायरी जोडायच्या प्लगमधली) पिन कळकली म्हणून, हे त्याला कळायची सोय नाही. ते आपल्यालाच शोधावं लागतं. त्यासाठी एक बरा डिजिटल मल्टिमीटर, ब्लूटूथवाला स्वस्त ओबीडी स्कॅनर, दोन-चार टाचण्या आणि निवांत तास-दीड तास एवढं पुरतं.

पुढचं सगळं मुख्यतः पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दल आहे. डिझेल आणि दुचाकींचं वेगळं काय ते शेवटी थोडक्यात सांगतो.

सेन्सर नेमकं करतो काय

थ्रॉटल बॉडीत हवा अडवणारी गोल चकती असते, तिला आपण बटरफ्लाय म्हणतो. रेस दिली की ती उघडते. ती किती उघडली हे ईसीएमला सांगणारा सेन्सर तिच्या दांड्याच्या टोकावर बसवलेला असतो. केबलवाल्या गाड्यांत तो बहुधा पोटेन्शिओमीटर असतो: आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारा कॉन्टॅक्ट. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण म्हणजे हाच पार्ट. ते जसं रोज जिथे ठेवलं जातं त्याच जागी खरखरायला लागतं, तसाच हाही रोजच्या जागी झिजतो. नव्या गाड्यांत कॉन्टॅक्टच नसलेले, चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर आले. ते घासून झिजत नाहीत, पण पाणी, उष्णता आणि खराब कपलर त्यांनाही सोडत नाहीत.

साध्या सेन्सरला वायरी तीन. एकीवर ईसीएमकडून ५ व्होल्ट येतात, दुसरी अर्थिंग, तिसरी सिग्नल. बटरफ्लाय बंद असताना सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो आणि पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.५ व्होल्टवर जातो. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, तो सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. खाली शून्य आणि वर पाच या दोन्ही टोकांना मुद्दाम जागा राखलेली आहे. सिग्नल शून्यावर टेकला किंवा पाचला चिकटला की ही बटरफ्लायची जागा नव्हे, वायर तुटली किंवा शॉर्ट झाली, असं ईसीएम समजतो. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचे कोड पाठ करायची गरज उरत नाही.

कुठली लक्षणं याची, कुठली दुसऱ्याची

सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे बारीक झटके. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-५० ने, एकाच रेसवर गाडी धरली की ती मागेपुढे हिसके देते; रेस जराशी वाढवली किंवा सोडली की झटके गायब. शहरात बटरफ्लाय बहुतेक वेळ बंद ते पाव एवढ्यातच फिरते, त्यामुळे कार्बनची पट्टी तिथेच झिजते. त्या जागी कॉन्टॅक्ट आला की सिग्नल क्षणभर तुटतो. ईसीएमला वाटतं पाय उचलला, तो पेट्रोल कमी करतो. दुसऱ्याच क्षणी सिग्नल परत येतो. बसणारा झटका हाच.

दुसरं लक्षण आयडलिंगचं. पाय उचलला तरी आरपीएम १५०० वर अडून राहतात किंवा चौकातल्या लाल दिव्याला थांबलं की गाडी बंद पडते. बटरफ्लाय पूर्ण बंद आहे याची खात्री असेल तरच ईसीएम आयडल सांभाळतो. ती खात्री देणारा सेन्सरच ‘थोडं उघडं आहे’ म्हणत राहिला तर तो आयडलकडे बघतच नाही.

दोन लक्षणं मात्र भल्याभल्यांना चकवतात. एक म्हणजे गाडी स्टार्टच होत नाही. स्टार्टर जोमात फिरतो, स्पार्क आहे, पेट्रोलचं प्रेशर आहे, पण इंजिन पकडत नाही. स्टार्टर मारताना रेस पूर्ण दाबलेली असेल तर आत साचलेलं जादा पेट्रोल निघून जावं म्हणून बरेच ईसीएम इंजेक्टर बंद ठेवतात. सेन्सर खोटंच ‘पूर्ण उघडं’ सांगत असेल तर नेमकं हेच होतं. असा संशय आला तर कपलर काढून एकदा स्टार्टर मारून बघा. गाडी चालू झाली तर वाट सापडली. दुसरं चकवणारं लक्षण एसीचं. पूर्ण रेसला इंजिनवरचा भार कमी करायला ईसीएम कंप्रेसर सोडवतो. त्यामुळे सिग्नल वर चिकटलेल्या गाडीचा एसी थंड करत नाही आणि मालक गॅस भरून येतो.

उलट, घाटात भरल्या गाडीने दम सोडला, मिसिंग येतं, वरच्या स्पीडला ओढत नाही, या तक्रारी घेऊन सेन्सरपाशी येऊ नका. आधी प्लग, कॉइल, फ्युएल पंपाचं प्रेशर आणि तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बघा.

मीटर काढण्याआधी

बॅटरी मोजा. उभ्या गाडीत १२.४ च्या वर, इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान. कमकुवत बॅटरीवर स्टार्ट मारताना सेन्सरचे खोटे कोड पडतात, विशेषतः इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत.

एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा रबरी पाइप घड्यांपाशी वाकवून बघा. चिरा सहसा घडीच्या आत लपलेल्या असतात. बटरफ्लायच्या कडेला काळा कार्बन साचला असेल तर कापडावर थ्रॉटल क्लीनर घेऊन पुसा. डबा धरून थेट फवारू नका, द्रव दांड्याच्या फटीतून सेन्सरमध्ये शिरतो. केबल असेल तर तिला किंचित ढील आहे का आणि पायाखालची मॅट पेडलला अडत नाही ना, हेही याच वेळी बघून घ्या.

आणि तो स्टॉप स्क्रू. थ्रॉटलच्या दांड्याजवळ एक छोटा स्क्रू असतो, बहुधा कंपनीने त्याच्यावर रंगाचा ठिपका दिलेला. तो आयडल वाढवायचा स्क्रू नाही. बटरफ्लाय भिंतीला घासून अडकू नये म्हणून कारखान्यात एकदाच लावलेली ती सीमा आहे. कार्ब्युरेटरची सवय असलेले हात मात्र आयडल कमी वाटलं की आधी तिथेच जातात. स्क्रू आत घेतला की आयडल वाढतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण सिग्नल ०.५ वरून ०.८-०.९ वर सरकतो, ईसीएम आयडल सांभाळणं सोडतो, आणि एसी लावल्यावर गाडी आचके द्यायला लागते. ठिपका तुटलेला दिसला, स्क्रूच्या खाचेत ताजी चमक दिसली, तर बाकीचं राहू द्या. आधी तो मूळ जागी आणा.

स्कॅनर काय सांगतो

कोड वाचा, लिहून घ्या, सोबत साठवलेला फ्रीझ फ्रेमही टिपून ठेवा: कोड पडला तेव्हा स्पीड किती होता, इंजिन गरम होतं की थंड. त्यानंतरही कोड लगेच पुसू नका. पुसला की पुरावा गेला.

पी०१२२ म्हणजे सिग्नल फार खाली. ५ व्होल्टची वायर तुटली, सिग्नल अर्थिंगला शॉर्ट झाला, बऱ्याच गाड्यांत सिग्नलची वायर तुटली तरी हाच कोड पडतो. पी०१२३ म्हणजे सिग्नल फार वर. इथे पहिला संशय अर्थिंगवर घ्या, कारण अर्थिंग तुटलं की पट्टीचं खालचं टोक लोंबकळतं आणि पाचच्या पाच व्होल्ट सिग्नलवर दिसतात. पी०१२४ म्हणजे येतो-जातो, झिजलेली पट्टी किंवा ढिली पिन. पी०१२१ जरा वेगळा. यात व्होल्टेज हद्दीत असतं, पण मॅप सेन्सर (थ्रॉटलच्या पुढे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) किंवा हवेचं माप सांगणाऱ्या सेन्सरशी त्याचा मेळ बसत नाही. तेव्हा पी०१२१ ला घाई करू नका. फाटका एअर पाइप किंवा मॅप सेन्सरची निसटलेली नळीही हा कोड पाडते. सोबत पी०६४१ किंवा पी०६५१ दिसला तर ५ व्होल्टचा पुरवठाच आजारी आहे. मग सेन्सर बाजूला ठेवा.

आता लाइव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर दिसणारे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे. इग्निशन ऑन, इंजिन बंद. केबलच्या गाडीत थ्रॉटलचे टक्के बघत पेडल हळूहळू तळाला न्या. पाय उचललेला असताना स्कॅनरवर १० ते १८ टक्के दिसले तर घाबरू नका. अनेक गाड्यांत ५ व्होल्टच्या हिशेबाने कच्चा टक्का दाखवला जातो, शून्य दिसायलाच हवं असं नाही. आकडा दर वेळी त्याच ठिकाणी परत येतो का हे महत्त्वाचं. पाच-सहा वेळा पेडल दाबून सोडा. कधी १२, कधी १६, कधी १४ असं येत असेल तर एक तर केबल अडकते आहे किंवा सेन्सर.

मीटरची पाळी

सेन्सरचा कपलर काढायच्या आधी लॉक नीट ओळखा. जुनं प्लॅस्टिक उष्णतेने कडक झालेलं असतं. पेचकसाने उचकटलं की कान तुटतो आणि मग कपलर कायमचा ढिला. आत डोकावून बघा. तिन्ही पिना एका पातळीत, चकचकीत हव्यात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या, मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या गाड्यांत पितळी भांड्यावर येतो तसला हिरवा कळंक पिनेवर सर्रास दिसतो. दाबाच्या पाण्याने इंजिन धुणाऱ्यांच्या गाड्यांतही.

इग्निशन ऑन करा. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब हार्नेसच्या, म्हणजे गाडीकडून येणाऱ्या वायरींच्या जुडग्याच्या, बाजूच्या एकेका पिनेला. एकीवर ४.९ ते ५.१ व्होल्ट मिळायला हवेत. हीच पुरवठ्याची वायर.

५ व्होल्ट मिळालेच नाहीत तर लगेच ईसीएमला दोष देऊ नका. तो पुरवठा बहुधा मॅप सेन्सर, एसीच्या गॅसचा प्रेशर सेन्सर अशा आणखी काही जणांना वाटून दिलेला असतो. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचेच ५ व्होल्ट बसतात. मीटर तसाच लावून ठेवा आणि एकेका सेन्सरचा कपलर काढत जा. ज्याचा काढल्यावर मीटरवर ५ उगवतात तो चोर. एसीचा प्रेशर सेन्सर पुढे कंडेन्सरजवळ पाणी-चिखलात असतो, म्हणून मी सुरुवात तिथून करतो.

यानंतर अर्थिंग, आणि इथे सावकाश चला. नेहमीची पद्धत म्हणजे कपलर काढून पिनेपासून बॅटरीपर्यंत कंटिन्युटी (वायर अखंड आहे का) बघायची, बीप वाजली की पुढे. पण ती बीप फसवी असते. सात तारांतली एक तार शिल्लक राहिली तरी मीटर बीप देतो. अर्थिंग नेहमी जोडलेलं आणि चालू असतानाच तपासायचं. कपलर परत बसवा. कपलरच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने, अर्थिंगच्या वायरीला लागून बारीक टाचणी पिनेला टेकेपर्यंत सरकवा. वायरीच्या अंगात टाचणी टोचू नका. पावसाळ्यात पाणी त्या भोकातून शिरतं आणि सहा महिन्यांनी तीच वायर आतून काळी पडते. इंजिन चालू करा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा. काळी प्रोब बॅटरी निगेटिव्हला, लाल टाचणीला. ०.०५ व्होल्टपेक्षा कमी हवं. ०.१ च्या वर गेलं तर अर्थिंगमध्ये कुठेतरी अडथळा आहे.

एवढ्याशा आकड्याने काय होतं? अर्थिंग ०.३ व्होल्टने उचललं गेलं की बंद थ्रॉटलचा सिग्नलही जवळपास तितकाच वर सरकतो. ०.५ चे ०.८ होतात. सेन्सर बरोबर, वायर दिसायला अखंड, आणि ईसीएमला मात्र पाय पेडलवर असल्यासारखं वाटतं. दिवसा ठीक आणि रात्री हेडलाइट लावल्यावर आयडल बिघडतं, अशी तक्रार आली तर शंभरातल्या नव्वदांना ती वेडसर वाटते. पण त्या माणसाचं खरं असू शकतं. ईसीएमची अर्थिंग इंजिन ब्लॉकवर किंवा बॉडीवर जिथे बोल्टने आवळलेली आहे तो बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज घासून धातू उघडा करा, पुन्हा आवळा.

हळूहळू उघडा

पुरवठा आणि अर्थिंग दोन्ही पक्के झाले की सिग्नल बघायचा. टाचणी सिग्नलच्या वायरीला, काळी प्रोब सेन्सरच्याच अर्थिंगच्या टाचणीला, इग्निशन ऑन, इंजिन बंद. बंद थ्रॉटलचं व्होल्टेज लिहून घ्या. मग केबलच्या गाडीत बॉनेटमधूनच हाताने बटरफ्लाय इतकी सावकाश उघडा की पूर्ण उघडायला आठ-दहा सेकंद लागावीत. आकडा न थांबता, न घसरता चढायला हवा. ०.५६, ०.६८, ०.८१, मग मध्येच ०.२०, पुन्हा १.०४ असं दिसलं तर पट्टी त्या जागी संपली. परत बंद करत आणा. त्याच जागी पुन्हा घसरला तर शंकेला जागा नाही.

डिजिटल मीटरचा एक दोष लक्षात ठेवा. तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे क्षणभर तुटलेला सिग्नल त्याच्या हातून निसटतो. मीटरला मिन-मॅक्सचं बटण असेल तर ते वापरा. घरात जुना काट्याचा मीटर पडला असेल तर या एका कामात तो नव्या मीटरला भारी पडतो, काटा जिथे थरथरला तिथे बिघाड. ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्नच मिटला. सेन्सर थंड असताना शहाणा आणि गरम झाल्यावर बिघडणारा असेल तर हेअर ड्रायरने तापवून हीच चाचणी करा, आणि पेचकसाच्या मुठीने हलकेच टकटक करा.

सेन्सर काढून ओहममध्ये तपासायची पद्धतही आहे: बाहेरच्या दोन पिनांमध्ये स्थिर किलोओहम, मधल्या पिनेवर सलग बदल. पण हॉल सेन्सरला ती लागू पडत नाही, उगाच काहीतरी रीडिंग मिळतं आणि गोंधळ वाढतो. मी व्होल्टेजवरच विश्वास ठेवतो.

सेन्सर निर्दोष, मग वायर

सिग्नल सेन्सरपाशी सुरेख चढतो, पण स्कॅनरवर आकडा हलत नाही किंवा उड्या मारतो. म्हणजे सेन्सर आणि ईसीएम यांच्या मधलं काहीतरी. इथे जंपरची युक्ती उपयोगी पडते, फक्त तीन वायरींच्या साध्या सेन्सरसाठी. कपलर काढा, मीटरने ५ व्होल्टची पिन पुन्हा एकदा खात्री करून घ्या, आणि छोट्या वायरीने ती सिग्नलच्या पिनेला जोडा. स्कॅनरवर थ्रॉटल शंभर टक्क्यांजवळ उडी मारायला हवा. आता सिग्नल अर्थिंगच्या पिनेला जोडा, आकडा शून्याजवळ यायला हवा. दोन्ही झालं तर वायर आणि ईसीएम निर्दोष, दोष सेन्सरकडे किंवा कपलरच्या पकडीत. सिग्नल अर्थिंगच्या पिनेला जोडून आकडा खाली येत नाही, पण बॅटरीच्या निगेटिव्हला जोडल्यावर येतो, तर सेन्सरची अर्थिंगच तुटलेली. १२ व्होल्ट मात्र यातल्या कुठल्याही पिनेला चुकूनही लावायचे नाहीत. ईसीएम जळतो.

पकड तपासायला त्याच मापाची सुटी पिन हार्नेसच्या भोकात घालून ओढून बघा. तीनपैकी एक जर लोण्यातून निघावी तशी निघाली तर तीच ढिली. बारीक सुईने आतली पाती किंचित दाबून पकड आणता येते, पण नवी पिन लावलेली बरी.

सीएनजीच्या गाड्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्या भरपूर आहेत. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच जुन्या किटना थ्रॉटलचा सिग्नल लागतो, आणि फिटर तो मूळ वायर सोलून, तिला दुसरी वायर गुंडाळून, वर काळी टेप मारून घेतात. मागे एक गाडी झटके देते म्हणून आली. सेन्सर बदलून झालेला, थ्रॉटल बॉडी साफ करून झालेली. सीएनजीवरही झटके, पेट्रोलवरही. इंजिन चालू ठेवून हार्नेस हाताने वीत-वीतभर हलवत गेलो. एका जागी आरपीएम दचकले. टेप सोडली तर आतला डिंक वितळून वायरीवर पसरलेला, गुंडाळलेला जोड काळपट-हिरवा, आणि मूळ वायरीच्या अर्ध्याच तारा शिल्लक. तो तुकडा कापला, डाग दिला, वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवली. नवा सेन्सर आधीच बसलेला होता, जुनाही बहुधा चांगलाच होता.

हीच हलवाहलवी बॅटरीच्या ट्रेखाली, फायरवॉलच्या भोकापाशी आणि इंजिनवर वायरी जिथे क्लिपमध्ये वळतात तिथे करा. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली तर उंदीर गरम इंजिनावर मुक्काम करतात. कुरतडलेली वायर सापडली की तिथेच थांबू नका, शेजारच्याही बघा. तुटलेल्या वायरीची टोकापासून टोकापर्यंत कंटिन्युटी मोजायची असेल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि ईसीएमचा कपलर सोडा.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची गाडी

केबल नसेल, पेडल नुसत्या वायरींना जोडलेलं असेल, तर एक सक्त सूचना: इग्निशन ऑन असताना थ्रॉटलमध्ये बोट घालायचं नाही. मोटर गिअरवर चालते, बटरफ्लाय बोटावर आपटली की चेचलं जातं.

इथे थ्रॉटल बॉडीत दोन सेन्सर आणि पेडलमध्ये दोन, कारण एकावर विसंबून मोटर चालवणं धोक्याचं. काही गाड्यांत एकाचा सिग्नल चढतो तेव्हा दुसऱ्याचा उतरतो आणि दोन्हींची बेरीज सतत ५ व्होल्टच्या आसपास राहते. काहींत दोन्ही चढतात, पण वेगवेगळ्या चढाने. पेडलमध्ये बहुतेकदा एक सिग्नल दुसऱ्याच्या निम्मा असतो. हे नातं बिघडलं की थ्रॉटलसाठी पी२१३५, पेडलसाठी पी२१३८ पडतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे पेडल कितीही दाबा, ती सरपटतच घरी नेते. पी०२२० ते पी०२२३ हे दुसऱ्या सेन्सरचे कोड, पी०१२० च्या ओळीचीच भावंडं.

स्कॅनरवर दोन्ही सिग्नल एकाच आलेखात घ्या आणि पेडल सावकाश दाबा. एक रेषा थरथरते आणि दुसरी शांत, तर थरथरणारी तपासा. दोन्ही एकदम दचकल्या तर सामाईक काहीतरी, बहुधा ५ व्होल्ट किंवा अर्थिंग. इंजिन बंद, इग्निशन ऑन असताना थ्रॉटल आयडलपेक्षा किंचित जास्त उघडा दिसला तर तो बिघाड नाही; मोटर थांबल्यावर स्प्रिंग त्याला मुद्दाम थोडं उघडं ठेवते.

या गाड्यांत थ्रॉटलचा सेन्सर बहुधा सुटा मिळत नाही, अख्खी थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते आणि ती खिशाला चांगलंच भोक पाडते. म्हणून आधी ब्रेक स्विच बघा. ब्रेक आणि रेस दोन्ही एकदम दाबलेले दिसले तर अनेक गाड्यांचा ईसीएम रेसकडे दुर्लक्ष करतो. ब्रेकचा स्विच आत चिकटला की पिकअप गेल्यासारखं वाटतं. मागचे ब्रेक लाइट पाय न लावता पेटलेले आहेत का, एवढं बघायला मीटरही लागत नाही.

नवा बसवताना

साध्या सेन्सरला दोन स्क्रू असतात. काढण्याआधी बंद थ्रॉटलचं व्होल्टेज टिपलेलं आहे ना, ते बघा आणि जुन्याची जागा टोकदार खिळ्याने खुणावून ठेवा. इग्निशन बंद करूनच कपलर काढा. नवा बसवताना दांड्याची जीभ त्याच्या खाचेत थोडी फिरवून बसवावी लागते. स्प्रिंगचा हलका ताण जाणवला पाहिजे. उलटा बसवून जोराने आवळला तर पहिल्याच रेसला आतला कॉन्टॅक्ट मोडतो.

स्क्रूची भोकं लांबट असतील तर सेटिंग आपल्या हाती आहे. स्क्रू अर्धे आवळा, इग्निशन ऑन करा, टाचणीवर मीटर लावून सेन्सर केसभर फिरवत मॅन्युअलमधला आकडा आणा, मग हलक्या हाताने आवळा. आवळताना आकडा सरकतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा वाचा. भोकं गोल असतील तर सेटिंग नसतं, ईसीएम स्वतः बंदची जागा शिकतो.

पार्ट घेताना दुकानदाराला सेन्सरवरचा नंबर दाखवा, नुसतं गाडीचं नाव सांगू नका. एकाच मॉडेलला वर्षागणिक वेगळे सेन्सर असतात. डुप्लिकेट सेन्सर बसवायलाच लागला तर बसवण्याआधी टेबलावर त्याला हाताने फिरवून ओहममध्ये एकदा बघून घ्या. नवा कोरा, आणि मध्येच तुटणारा, असेही हाती येतात.

त्यानंतर कोड पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बदलला किंवा साफ केला असेल तर त्याला बंदची जागा नव्याने शिकवावी लागते. काही गाड्यांत पेडलला हात न लावता इग्निशन काही सेकंद ऑन ठेवलं की होतं, काहींत स्कॅनरमधूनच करावं लागतं. आपल्या गाडीची रीत मॅन्युअलमध्ये बघा. शिकवणी राहून गेली की आयडल वर-खाली होतं आणि लोक नव्या पार्टला नावं ठेवतात.

डिझेल आणि दुचाकी

कॉमन रेल डिझेलमध्ये पिकअप ठरतो तो पेडलच्या सेन्सरवर, हवेच्या बटरफ्लायवर नाही. तेव्हा डिझेल गाडीत रेस लागत नसेल तर वर सांगितलेली पेडलची तपासणी करा. पेडलचा कपलर पायाशी, मॅटच्या वर असतो. ओल्या बुटांचं पाणी तिथेच जातं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर दुचाकींमध्येही फ्युएल इंजेक्शन सर्वत्र आलं. अनेक मोपेड आणि छोट्या बाइकमध्ये थ्रॉटल, मॅप आणि हवेच्या तापमानाचा सेन्सर एकाच डबीत असतात. त्याचं सेटिंग करता येत नाही, स्क्रूला हात लावू नका. होंडाच्या अनेक दुचाकींवर चेक लाइट आठ वेळा लुकलुकला की थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं सर्किट. तपासायच्या तीन वायरी त्याच, आकडेही साधारण तेच. जागा मात्र अडचणीची, म्हणून कपलरच्या मागून टाचणी घालायला सीटखालचं किंवा बाजूचं पॅनेल काढावंच लागतं.

काम झाल्यावर गाडी गरम करा आणि ज्या स्पीडला झटके येत होते त्याच स्पीडला, त्याच गिअरमध्ये, एसी लावून आणि बंद करून, दोन-तीन किलोमीटर सलग चालवा. मग स्कॅनरवर पेंडिंग कोड बघा; चेक लाइट पेटायच्या आधी तो तिथे दिसतो. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पुन्हा एकदा. पी०१२१ तरीही उगवला आणि तिन्ही वायरी मीटरवर निर्दोष दिसल्या, तर थ्रॉटलचा नाद सोडा आणि मॅप सेन्सरची नळी व हवेची गळती शोधायला घ्या.